दत्ता, तुझ्या दहाव्याला वास येत होता

दत्ता, तुझ्या दहाव्याला घाटावर वास येत होता, आणि तो तसाच राहिला याला कारण मी आहे. गावातलं कुणी ना कुणी आज ना उद्या तुझ्याकडं येईलच आणि तिखटमीठ लावून सांगेल की, कांतीशेठनं मित्राच्या दहाव्याची शोभा केली. त्याआधी माझ्या तोंडून ऐक. तू मध्ये बोलणार नाहीस हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. दोन वाक्यं झाली की मी थांबतो आणि तुझ्या "आरं पण शेठ"ची वाट बघतो.

नगरपालिकेनं तुला पाणीपुरवठ्यातून उचलून सांडपाण्याच्या प्लँटवर नेमलं, त्या दिवशी तू माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसलास आणि चहाला नाही म्हणालास. तू चहाला नाही म्हणालास तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. पिंपरी पेंढारला घरची बागायत, वडिलांना चार गावांत मान, आणि त्यांचा मुलगा गटारीवर. "पिण्याच्या पाण्याचा मानूस मी," तू म्हणालास. "नळ सोडायच्या टायमाला लोकं रामराम घालायची. आता नाक दाबून घालतील." मी म्हटलं, नाक दाबून घातलेला रामराम जास्त खरा. तू हसला नाहीस.

पण थोड्याच दिवसांत तुझा सूर पालटला. तू धापा टाकत दुकानात आलास, गिऱ्हाईक उभं असताना मला बाजूला ओढलंस आणि डोळे मोठे करून म्हणालास, "शेठ, तिथं जनावरं हायेत! डोळ्याला दिसत न्हाईत, पण अख्ख्या तालुक्याच्या गोठ्यात नसतील येवढी. गावाची घाण तीच खात्यात. आपण निस्ती हवा सोडायची."

ते सगळं तू मला इतक्या वेळा समजावलंस, की आता मी झोपेतही सांगेन. गावाची गटारं नाल्याला मिळतात. नाला दशक्रिया घाटाच्या कडेनं वाहतो. घाटाच्या खाली बंधारा घालून तो अडवलाय आणि तिथून पंप ते पाणी प्लँटवर उचलतो. मोठ्या टाकीत खालून हवा बुडबुडत असते, तुझी जनावरं त्यातली घाण खातात, पुढच्या टाकीत गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी नदीला जातं. टाकी पहिल्यांदा चालू करताना तू तिच्यात शेणाचा काला ओतलास आणि माझ्याकडून गुळाच्या ढेपा नेल्यास, विरजण लावल्यासारखं. गूळ जरा जास्तच नेलास. टाकी फेसाळून काठाबाहेर आली आणि तू दोन दिवस त्या फेसाला शिव्या घालत फिरत होतास. चूक तुझी होती, पण शिव्या फेसाला.

आमचं दुकान किराण्याचं, पण मागच्या खोलीत फिनेल, ॲसिड, खराटे आणि ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्याकडची टीसीएल, हे सगळं असतं. तुला प्लँट लाभला आणि माझी मागची खोली तुझ्या डोळ्यांत सलायला लागली.

"तुमी जैन लोकं पाणी गाळून पिता, जीव मरू नये म्हणून," तू म्हणायचास. "आन् मागं हे इख ठेवता. माझ्या जनावरांचा काळ हाय तो."

"मी विकतो. ओतत नाही."

"सुरी इकणारा बी हेच म्हणतो."

एकदा मात्र मी तुला धरलं. म्हटलं, तू तरी काय करतोस? त्या जिवांना पोसतोस, वाढवतोस, आणि गाळ जास्त झाला की वाफ्यात काढून उन्हात वाळवतोस. पोसायचं आणि मारायचं, यात कसलं पुण्य? तू गप्प झालास. आपल्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू गप्प झाल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके असतील. काही दिवसांनी येऊन म्हणालास, "मी मारत न्हाई. वाळवून पिकाला घालतो. मातीत गेलेलं मरत आस्तंय व्हय?" मी म्हटलं, हे उत्तर नाही. तू म्हणालास, "मग तू दे." माझ्याकडंही नव्हतं. चातुर्मासात आमच्या महाराजांना विचारायचं ठरवून गेलो होतो, पण सगळा समाज पुढं बसलेला असताना गटारातल्या जिवांचा प्रश्न काढायची मला लाज वाटली. तसाच परत आलो. आता उत्तर मिळालं तरी कुणाला द्यायचं?

आणि मग ते पावडरचं प्रकरण. कुठल्याशा उद्घाटनाला बडे पाहुणे आले होते. आपल्याकडं कुणाचा मान राखायचा तर त्याच्या वाटेवर पांढऱ्या पावडरच्या रेघा ओढायच्या, ही रीत. लग्न असो, जत्रा असो, साहेबाची भेट असो, रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या झाल्या की गाव स्वच्छ झालं. त्या वेळी रेघांवर भागलं नाही. नाल्यात पोतीच्या पोती रिकामी झाली, वरून फिनेल. पाहुणे खूश होऊन गेले आणि तुझी टाकी काळी पडली. तू भर बाजारात माझ्या दुकानासमोर उभा राहून ओरडलास, "मारलीस ना शेठ माझी जनावरं!"

दत्ता, ती पावडर माझ्या दुकानातली नव्हती. ती परस्पर ट्रकमधून आली होती. मी तुला तेव्हाही सांगितलं, नंतरही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो अख्खा उन्हाळा तू दुकानाची पायरी चढला नाहीस. मग एक दिवस काहीच झालं नाही अशा थाटात आलास, फळीवर बसलास आणि म्हणालास, "गूळ काढ. नवी जनावरं धरायचीत." मी गूळ काढला. भांडण मिटलं, पण तू मानलं नाहीस ते नाहीच.

तू आजारी पडायच्या थोडं आधी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि टाकीची हवा बंद पडली. पुन्हा काळं पाणी, पुन्हा शेण, पुन्हा गूळ. या वेळी तुझ्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा थकवा दिसला. "जीव धरलाय," तू म्हणालास, "पण अजून बाळसं न्हाई. आत्ता जरा कुठं धक्का बसला तर संपलं." त्यानंतर तुलाच दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला आलो तेव्हा वाटलं, टाकीचं काही सांगशील, काही सोपवशील. तू टाकीचं नावसुद्धा काढलं नाहीस. नाकात नळी असताना मला जवळ बोलावलंस आणि पुटपुटलास, "ती पावडर तुझीच व्हती, शेठ. कबूल कर." मी म्हटलं, आधी बरा हो, मग भांडू. तू बरा झाला नाहीस.

आता मुद्द्याचं. दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याचे मुकादम बबनराव दुकानात आले, बरोबर तुझा महेश. चाकणहून रजा टाकून आलेला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बबनराव आल्या आल्या म्हणाले, "शेठ, टीसीएलची हायेत तेवढी पोती काढा, आन् फिनेलचे क्यान. आमच्या ष्टोअरात खडखडाट हाय. दादांचा दहावा झोकात झाला पायजे."

"कुठं टाकणार?"

"नाल्यात, आन् कुठं? मोठमोठी लोकं यायचीत. घाटावर मानसाला हुबं ऱ्हावत न्हाई. वरपासून खालपर्यंत पांढराफेक करतो, बघा तुमी."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, दत्ता. तुझ्यावर जीव होता त्या माणसाचा. तुझा मान राखायचा होता त्याला, आणि मान राखायची त्याला ठाऊक असलेली रीत हीच होती. मी म्हटलं, "बबनराव, तो नाला दत्ताच्या टाकीत जातो."

"जातो की."

"टाकी अजून अशक्त आहे. एवढी पावडर गेली तर मरेल."

बबनरावांनी माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "शेठ, दादाच गेले. आता टाकीचं काय घेऊन बसलात?"

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. "पावडर नाही," मी म्हटलं.

"आवो, ही काय मागं थप्पी दिसतीय."

"आहे. द्यायची नाही."

आमच्या घराण्यात दारात आलेलं गिऱ्हाईक माल असताना परत पाठवायची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर दुकानाची किल्ली काढून घेतली असती. महेश तोवर मागच्या थप्पीकडं बघत होता. तो पुढं आला आणि म्हणाला, "काका, बाबांसाठी एवढंसुद्धा नाही करणार तुम्ही?" मी त्याला सांगायला गेलो, हे बाबांसाठीच. पण तुझ्या पोराच्या त्या चेहऱ्याकडं बघून ते वाक्य मला नीट जमलं नाही. तो म्हणाला, "आई काय म्हणते ते एकदा ऐका. मग ठरवा."

म्हणून मी तुझ्या घरी गेलो. सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे त्या प्लँटवर गेले तवापासनं माझ्या म्हायेरची मानसं आमच्यात जेवत न्हाईत. त्वांडानं कोन काय बोलत न्हाई. पण ताट वाढलं की कुनाचा उपास आस्तो, कुनाचं पोट दुखतंय. हळदीकुकवाला बाया जरा सरकून बसत्यात. मी ह्यांना कदी बोलून दाखवलं न्हाई. उद्या सगळी भावकी घाटावर येनार, आन् त्वांडाला रुमाल लावून हुभी ऱ्हानार. माझ्या नवऱ्याला असा निरोप द्यायचा व्हय तुमाला?"

मी काय उत्तर दिलं असेल? मूर्खासारखं तुझंच पाठांतर म्हणून दाखवलं. म्हटलं, वहिनी, टाकी मेली तर गावाची कच्ची घाण नदीला जाईल. तूच म्हणायचास ना, "माझी बहीण येडगावला दिलीय, आपण हितं सोडू ते ती तिथं हंड्यात भरती," तेही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं मला नका सांगू." आणि मग, माझ्याकडं न बघता, "मानूस गेला, त्याचं तुमाला काय न्हाई. त्याचं गटार मोठं झालं."

मी उठलो. तुझ्या घरातून असा मी कधीच निघालो नव्हतो. तुझ्यावर इतका संतापलो होतो मी त्या वेळी! मरायचं होतं तर निदान एवढं सांगून जायचंस की अशा वेळी काय करायचं. मरताना भांडलास तेही त्या जुन्या पावडरीवरून.

दुपारी मी माझ्या दोन्ही मुलांना खराटे देऊन घाटावर पाठवलं, पाण्याचा टँकर मागवला. आम्ही पायऱ्या घासल्या, नाल्यातलं प्लास्टिक, सडका भाजीपाला, एक मेलेली घूस, सगळं ओढून काढलं. बबनरावांची माणसंही आली. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, पण काम करत होती. संध्याकाळी वास थोडा कमी झाल्यासारखा वाटला. का आमच्याच नाकाला सवय झाली होती, कोण जाणे. जाताना बबनराव एवढंच म्हणाले, "बघू सकाळच्याला."

त्या शब्दांनी मला झोप लागू दिली नाही. आपल्या गावात "बघू" म्हणजे ठरलंय.

सकाळी कुणी यायच्या आत मी घाटावर गेलो. नाल्याच्या कडेला टेंपो उभा होता, आणि खाली दोन-तीन पोती उतरवून ठेवलेली. शेजारच्या गावातून कुणाकडून तरी आणली असणार. पोत्यांना वास होता तोच, नाकात शिरून घशाला चिकटणारा. बबनराव अजून माणसांना हाका मारत होते. मी काही विचार केला असं नाही, दत्ता. केला असता तर काहीतरी शहाणपणाचं सुचलं असतं. मी सरळ जाऊन त्या पोत्यांवर बसलो.

"शेठ, उठा," बबनराव म्हणाले.

"बसतो जरा. पाय दुखतात."

"तिकडं खुर्च्या मांडल्यात. कापडं खराब हुतील तुमची."

"होऊ द्या."

ते माझ्या अगदी जवळ आले. घाम फुटला होता त्यांना. "शेठ, हात जोडतो. लोकं यायला लागली. दादांच्या दहाव्याला असलं नाटक करू नका, राव."

"मला उचलून बाजूला ठेवा," मी म्हटलं, "आणि मग ओता काय ओतायचं ते."

त्यांनी खरंच दोन माणसांना खूण केली. ते दोघं आले आणि माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. त्यांनी बखोटं धरलं असतं तर मी काय करणार होतो? पन्नाशी उलटलेला, गुडघे गेलेला माणूस मी. पण एव्हाना तुझी भावकी घाटाच्या पायऱ्या उतरायला लागली होती, बायका पलीकडं बसत होत्या, आणि बाजारपेठेतल्या शेठला मित्राच्या दहाव्याला चारचौघांत उचलायला त्या दोघांपैकी कुणाचा हात पुढं होईना. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. दुसरा म्हणाला, "तू धर की." पहिला म्हणाला, "तू धर." शेवटी दोघंही पाणी प्यायला म्हणून निघून गेले. बबनरावांनी कपाळावर हात मारला आणि ते टेंपोवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू."

म्हणून तुझा दहावा मी पावडरच्या पोत्यांवर बसून पाहिला. उठायची सोय नव्हती. उठलो आणि पोती गेली तर? पावडर कापडातून वर येत होती. पँट पांढरी झाली, डोळे चुरचुरून वाहायला लागले. लोक जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचे, "शेठ, धीर धरा, नका रडू." मी रडत नव्हतो. नंतर रडत होतो. पावडरीचं पाणी कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, मलाही कळलं नाही.

वारा नाल्याकडूनच येत होता. लोकांनी रुमाल काढले, जसं वहिनी म्हणाल्या होत्या तसंच. कीर्तनकार महाराजांनी उपरणं नाकाला लावून प्रवचन आवरतं घेतलं. कावळा मात्र लगेच शिवला. नाल्याकाठचे कावळे कुणाला ताटकळत ठेवत नाहीत. मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी म्हणाले, दत्तात्रय मितभाषी होते. मितभाषी! मला पोत्यावर बसल्या बसल्या हसू फुटलं आणि मला वेड लागल्यासारखं शेजारच्यानं माझ्याकडं बघितलं. दुसरे म्हणाले, त्यांचं कार्य आपण पुढं नेऊ. ते म्हणताना त्यांचाही रुमाल नाकालाच होता. मी पलीकडं बायकांमध्ये वहिनींना शोधत होतो. त्यांनी एकदा माझ्याकडं, माझ्या बुडाखालच्या पोत्यांकडं बघितलं आणि मान फिरवली.

सगळे गेल्यावर बबनरावांनी पोती उचलून परत नेली. मी तसाच पांढऱ्या कपड्यांनी प्लँटवर गेलो. तुझा ऑपरेटर नवनाथ तिथं एकटाच होता. टाकी सोडून येता येत नाही म्हणून तुझ्या दहाव्यालाही आला नव्हता. मी त्याला विचारलं, "एवढ्या पोत्यांनी मेली असती का रे टाकी?"

तो विचारात पडला. "सांगता यायचं न्हाई, शेठ. धडधाकट आसती तर पचवलंबी आसतं. आत्ता या टायमाला... काय सांगू? कदाचित काय बी झालं नसतं."

कदाचित काही झालं नसतं. दत्ता, हे वाक्य घेऊन मी त्या दिवसापासून फिरतोय. तुझ्या बायकोला चारचौघांत मान खाली घालायला लावली, तुझ्या पोराला दुखवलं, बबनरावांसारख्या सरळ माणसाला तोंडघशी पाडलं, आणि कदाचित काही झालंच नसतं. तू असतास तर छाती ठोकून म्हणाला असतास, "मेलीच आसती!" तुला खात्री असायची रे कशाचीही. माझ्या पावडरीचीसुद्धा. मला तुझ्यासारखी खात्री कधी धरता आली नाही. तरी मी उठलो नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उठणार नाही, एवढंच मला माझ्याबद्दल आता कळलंय. ते तुझ्यामुळं कळलं. किराणा विकता विकता हे मला कधी कळणार होतं? याबद्दल तुझे आभार मानायचे तर तू त्यावरही काहीतरी टोमणा मारला असतास.

तेराव्याला मी गेलो, पण वहिनी माझ्यासमोर आल्या नाहीत. महेशनं पान वाढलं. मी जेवलो आणि निघालो. मला वाटलं, या घराचा उंबरा आता संपला आपल्यासाठी.

परवा महेशचा फोन आला. म्हणाला, "आई म्हणतेय, काकांना म्हणावं, मला प्लँटवर घेऊन चला."

"कशाला?"

"माहीत नाही. मला पण सांगत नाहीये."

मी गाडी घेऊन गेलो. वहिनी मागं बसल्या, बाहेर बघत. मी आरशातून बघत होतो. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मला भीती वाटत होती. वाटलं, तिथं नेऊन माझ्या तोंडावर थुंकणार आहेत, यापायी माझ्या नवऱ्याचा दहावा नासवलात म्हणून. थुंकल्या असत्या तर मी पुसलं असतं आणि गप्प राहिलो असतो.

फाटकातून आत गेलं की पहिल्यांदा नाल्याचं पाणी येऊन पडतं ती जागा लागते. तिथं वास भयंकर. वहिनींनी पदर नाकाला गच्च दाबला आणि थांबल्या. मी म्हटलं, परत जायचं का? त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. नवनाथ धावत आला, "या, काकू, या," करत लोखंडी जिन्यापाशी घेऊन गेला. त्या एकेक पायरी चढून मोठ्या टाकीच्या कठड्यापाशी आल्या. खाली तपकिरी पाणी उकळल्यासारखं वरखाली होत होतं. नवनाथनं काचेच्या उंच भांड्यात ते भरून आणलं आणि आमच्यासमोर ठेवलं. आम्ही तिघं त्याकडं बघत उभे राहिलो. हळूहळू गाळ खाली जायला लागला, आणि वर पाणी निवळत गेलं.

"बसलं," नवनाथ म्हणाला. "धरलंय बाळसं. आता भ्या न्हाई." त्यानं भांडं उजेडाकडं धरलं.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी पदर नाकावरून काढला होता. कधी काढला, मला कळलं नाही. त्या कठड्यावरून वाकल्या होत्या आणि डोळे मिटून श्वास घेत होत्या. टाकीवर घाणीचा वास नव्हता. पाणी पाजलेल्या वाफ्याचा असतो तसा, ओल्या मातीचा वास होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या कापडांना हाच वास यायचा."

मीही वाकून वास घेतला.

"मला वाटायचं, येताना वावरात जाऊन येत्यात, त्याचा वास. तरीबी मी म्हनायची, गटारीवरनं आलाय, आधी मोरीत जावा, मग घरात या. रोज म्हनायची. त्ये जायचे. कदी म्हनले न्हाईत, की सुमन, ह्यो वास टाकीचाच हाय, घाणीचा न्हाई." त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. "एकदा तरी म्हनायचं."

नवनाथ खुर्ची आणायला धावला. पण वहिनी तिथंच खाली बसल्या, टाकीच्या कठड्याला पाठ लावून, आणि दत्ता, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.